सेक्शन सातचा हयात नवरा

पक्ष्यांचं आणि माझं कधीच वैर नव्हतं. ते वर, मी खाली, असं आमचं सेहेचाळीस वर्षं सुरळीत चाललं होतं. माझा धंदा आवाजाचाच आहे, पण गाडीच्या आतल्या आवाजाचा. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात एका कंपनीत मी नव्या गाड्यांमध्ये बसतो आणि कुठलं प्लास्टिक कुठल्या प्लास्टिकवर घासतंय ते ओळखतो. हे काम फालतू आहे असं काही लोकांना वाटतं. त्यांनी एकदा डॅशबोर्डातली बारीक कुरकुर ऐकत शिकागोपर्यंत जाऊन यावं. कुरकुर, खडखड, चुरचुर आणि भुणभुण या चार आवाजांवर माझी वीस वर्षं सन्मानानं गेली आहेत. काचेबाहेर कोण ओरडतंय हे बघायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

पक्षी सुचित्राचे. सुचित्रा म्हणजे माझी बायको. ती नोव्हेंबरात आईच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेली, तीन आठवड्यांत येते म्हणून. खुबा वेळेवर बरा झाला. परत यायचं तर पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का लागतो, त्या शिक्क्याची अपॉइंटमेंट मात्र डिसेंबरवरून मार्चवर आणि मार्चवरून ऑगस्टवर गेली. सासूबाई आता काठीशिवाय देवळात जातात आणि लेक घरी बसून आहे. आमची मुलगी अनिका बोस्टनला कॉलेजात. तिला मी फोनवर घरची शांतता सांगायला लागलो की ती म्हणते, ‘बाबा, गेट अ हॉबी.’

एप्रिलमध्ये सुचित्राचा फोन आला. मिशिगनच्या वरच्या अंगाला, मोठा पूल ओलांडून गेलं की नुसतं जंगल आणि तळी आहेत. त्यातल्या एका तळ्याकाठी दर मेअखेरीला पक्ष्यांची मोजणी होते. तळ्याभोवतीच्या पायवाटेचे दहा तुकडे केलेत आणि त्यातला सातवा, अडीच मैलांचा, गेली पाच वर्षं सुचित्राकडे आहे. मोजणीतली तिची जोडीदार रुचा हिवाळ्यात दूर प्लेनोला कायमची राहायला गेली. आता या वर्षी कुणीच गेलं नाही तर सेक्शन सात रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळणार होता. रांगेत चौतीस माणसं होती.

“जाऊ दे ना,” मी म्हटलं. “पुढच्या वर्षी दुसरा तुकडा घेऊ. पक्षी सगळीकडे सारखेच.”

तिकडे ओट्यावर स्टीलचं भांडं आपटलं.

“केदार,” ती म्हणाली, “तिथे घर तुझ्या नावावर आहे. गाडी तुझ्या नावावर आहे. माझा व्हिसासुद्धा तुझ्या नावावर आहे. त्या अख्ख्या देशात ती अडीच मैलांची पायवाट तेवढी माझ्या नावावर आहे.”

मी म्हटलं, मी जातो.

“पण तुला कावळा सोडून काही ओळखता येत नाही.”

“आवाज ओळखणं हा माझा धंदा आहे,” मी म्हटलं. थोडं लागलंच होतं मला.

शेवटी तिनंच तोड काढली. मी नावांच्या फंदात पडायचं नाही. जसं ऐकू येईल तसं, मराठीत, कागदावर उतरवायचं. दुपारी मी तिला वाचून दाखवायचं आणि तिनं नागपुरातून नावं सांगायची.

आता फॉर्म. सुचित्राच्या जागी मी, एवढी साधी गोष्ट सांगायला त्या वेबसाइटवर चार पानं होती. जागा बदलायची तर माणूस रांगेच्या शेवटी जाणार, म्हणजे मी पस्तिसावा. त्याला एकच अपवाद होता. तिथे एक चौकोन होता आणि विचारलं होतं, आपण सर्व्हायव्हिंग स्पाउज आहात का? मी शब्द नीट वाचला. स्पाउज मी होतोच. सर्व्हायव्हिंगचं म्हणाल तर नोव्हेंबरपासून स्वतःच्या हातचं खाऊन मी अजून टिकून होतो, म्हणजे तेही होतो. मी खूण केली. वेबसाइट एकदम नरमली. पडद्यावर अक्षरं उमटली की आम्हाला अतिशय वाईट वाटतं, या कठीण काळात आम्ही आपल्यासोबत आहोत. व्हिसाची अडचण समजून घेणारं कुणीतरी या देशात आहे हे बघून मला बरं वाटलं.

पुढच्या पानावर निरीक्षक आणि नोंद करणारा अशी दोन माणसं हवी होती. दोन्ही ठिकाणी मी माझंच नाव घातलं तर लाल अक्षरांत नकार आला. मग निरीक्षकाच्या जागी केदार पिंपळखरे आणि नोंद करणाऱ्याच्या जागी विश्वनाथ पिंपळखरे असं लिहिलं. हे खोटं नाही. पासपोर्टवर माझ्या नावाच्या मधोमध विश्वनाथ आहे. आपल्याकडे प्रत्येक माणूस वडिलांना सोबत घेऊनच हिंडतो, त्याचा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उपयोग झाला.

मी जंगलात जाणार ही बातमी आमच्या गल्लीत पसरायला एक संध्याकाळ पुरली. समोरचे रवीकाका तीस वर्षांपूर्वी इथे आले, त्यामुळे अमेरिकेत त्यांना माहीत नाही असं काही नाही. ते म्हणाले, “तिकडे अस्वलं आहेत. कमरेला घंटा बांध. आवाज आला की अस्वल निघून जातं.”

“काका, घंटा वाजली की पक्षीपण जातील.”

“मग पक्षी महत्त्वाचे की तू?” हा प्रश्न त्यांनी अशा सुरात विचारला की उत्तर त्यांचंही नक्की नसावं.

त्यांच्या बायकोचं, शैलाकाकूंचं म्हणणं पडलं की अस्वल राहू दे, गोचीड बघ. “पांढरे कपडे घाल. पांढऱ्यावर गोचीड दिसते. यांचा लखनवी कुर्ता देते.” पलीकडच्या विक्रमनं पांढऱ्याला ठाम विरोध केला. विक्रमकडे हातभर लांबीची लेन्स आहे. तिच्यातून त्यानं आजवर स्वतःच्या अंगणातल्या एकाच खारीचा फोटो काढला आहे, पण सव्वाशे वेळा. “यार, पांढरं घातलंस तर बर्ड्स एक किलोमीटरवरून बघतील. ऑलिव्ह घाल. आणि परफ्यूम अव्हॉइड कर.” मी म्हटलं, मी परफ्यूम लावत नाही. तो म्हणाला, “मग डिओ.” या चर्चेचा निकाल असा लागला की आत काकांचा कुर्ता, वर ऑलिव्ह जाकीट, डोक्यावर माश्यांसाठी जाळीची टोपी आणि पिशवीत काकूंचे अठरा धपाटे अशा थाटात मी शुक्रवारी निघालो. घंटा मी घेतली नाही. रवीकाका अजून त्याबद्दल बोलतात.

निघताना शैलाकाकू गाडीच्या खिडकीशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “सुचित्रा असती तर मजा आली असती रे.” मी म्हटलं, सुचित्रा असती तर मी घरी झोपलो असतो. त्या हसल्या. मीही हसलो. मग साडेपाच तास गाडीत मी एकटा होतो आणि उजवीकडची रिकामी सीट एकसारखी चुरचुरत होती. तीन वेळा गाडी थांबवून मी तिचा पट्टा घट्ट केला, तरी नाही गेला तो आवाज.

शनिवारी पहाटे तळ्याच्या पार्किंगमध्ये मार्गरेट भेटली. मोजणीची ही मुख्य बाई पंचाहत्तरीची, पूर्वी शाळेत लायब्ररी सांभाळायची. तिनं माझं नाव यादीत बघितलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. इकडच्या लोकांची ही सवय नाही, पण म्हटलं जंगलातल्या बायका प्रेमळ असतील.

“सुचित्रा आम्हा सगळ्यांची फार लाडकी होती,” ती म्हणाली.

“माझीही,” मी म्हटलं.

तिचे डोळे भरून आले. मग तिनं इकडेतिकडे बघत विचारलं, “आणि विश्वनाथ कुठे आहेत?”

मला खोटं बोलता आलं नाही. “ते माझे वडील. ते दोन हजार अकरामध्ये गेले.”

मार्गरेटनं यादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, जाळीच्या टोपीतून खाली लोंबणाऱ्या लखनवी कुर्त्याकडे बघितलं. नियमाप्रमाणे एकट्याला सोडत नाहीत. पण ती आपल्या गाडीकडे गेली आणि एक शिट्टी घेऊन आली. ती माझ्या गळ्यात घालून म्हणाली, “काहीही वाटलं तर वाजवा. काहीही.” फोन मात्र तिनं टोपलीत ठेवायला लावला. गेल्या वर्षी कुणीतरी फोनवर पक्ष्यांचे आवाज लावून खरे पक्षी जवळ बोलावले होते, तेव्हापासून पायवाटेवर फोन बंद. आवाज टिपायचं यंत्र एकच, तळ्याच्या पूर्वेच्या काठावर, डेल नावाच्या माणसापाशी.

सेक्शन सात पश्चिमेच्या काठानं जातो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला झाडं, आणि पायाखाली मऊ, ओली माती, तीवर चालताना स्वतःच्या पावलांचाही आवाज येत नाही. मी गाडीतल्या सवयीनं आधी सगळे आवाज वेगळे केले. पहिली नोंद केली, “ड्रायव्हरच्या मागचा दरवाजा, बिजागरी सैल.” दुसरी, “टकटक, आधी जलद, मग बॅटरी उतरल्यासारखी.” तिसरी, “सिंकमधून पाणी जाताना, गोल गोल खाली.” अचूक होतं सगळं.

पण अर्ध्या तासानं घोटाळा झाला. पक्षी मराठीत बोलायला लागले. जमिनीजवळून एक जण चढत्या आवाजात विचारत होता, “मीच का, मीच का, मीच का?” एक उंच झाडावर बसून संथ सुरात सांगत होता, “जाऽ रेऽ, पाहुण्या पाहुण्या पाहुण्या.” हे मला उद्देशून होतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. एक तर अखंड बडबडत होता, प्रश्न स्वतःच विचारायचा, उत्तर स्वतःच द्यायचा, मध्ये श्वास नाही. त्याच्यापुढे मी लिहिलं, “शैलाकाकू, फोनवर.” आणि एक अगदी लहानसा, कधी पुढे कधी मागे, दोनच सुरांत म्हणायचा, “बसऽ ना.”

मला इतक्या प्रेमानं बस म्हणून कुणी नोव्हेंबरपासून म्हटलं नव्हतं. मी एका ओंडक्यावर बसलो आणि एक धपाटा खाल्ला. खरं सांगायचं तर खाता येईना. घरी मी रोज एकटाच जेवतो, त्याचं मला काही वाटत नाही, कारण समोर लॅपटॉप असतो. इथे समोर एवढं मोठं तळं, त्याच्यावर धुकं, त्यात पिवळट ऊन शिरतंय, आणि हातात एकाच माणसाचं जेवण. माणसाला लॅपटॉप का लागतो ते मला तिथे कळलं.

मग तो पक्षी आला. धुक्यातून, पाण्यावर, आवाज न करता. मोठा, बदकापेक्षा मोठा, डोकं काळं, पाठीवर पांढऱ्या चौकटी, आणि डोळा लाल. माझ्यापासून वीस हातांवर तो थांबला. मान वर केली आणि लांब, चढत जाणारा सूर लावला. मी वहीत लिहिलं, “कुठेऽऽयस.” तो थांबून ऐकत राहिला. पलीकडून काही आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही.

आणि मी ओरडलो, “अगं एऽऽ!”

यात भावनेचा काही संबंध नव्हता, निदान पहिल्या वेळी. बावीस वर्षांच्या संसारात मी बायकोला नावानं हाक मारलेली नाही. नाव फॉर्ममध्ये लिहायला. घरात काही सापडत नसलं, काही सांडलं, खिडकीतून काही चांगलं दिसलं की “अगं ए” अशी आरोळी ठोकायची आणि तिनं हातातलं टाकून यायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. चांगलं दिसलं, तोंडातून हाक गेली. एवढंच. पक्षी बुडी मारून गायब झाला. दुसऱ्यांदा मी ओरडलो ते पाण्यावरून आवाज परत येतो का हे तपासायला, तो धंद्याचा भाग झाला. तिसऱ्यांदा का ओरडलो ते मला नीट सांगता येत नाही. तिसरी हाक सगळ्यात मोठी होती. तिच्यानंतर मी बराच वेळ टोपीची जाळी वर करून तोंड पुसत बसलो. माश्या चावल्या त्या तेव्हाच.

बारा वाजता फोन हातात आला. मी गाडीत बसून नागपूरला फोन लावला आणि यादी वाचली. सुचित्रा नुसती सुटली होती. “मीच का? ओव्हनबर्ड तो. पाहुण्या पाहुण्या म्हणजे व्हाइट थ्रोटेड स्पॅरो. सैल दरवाजा? पुन्हा करून दाखव. ब्लू जे. शैलाकाकू, हं, रेड आइड व्हिरिओ, दिवसभर बोलतो तो.” कित्येक महिन्यांनी तिचा असा आवाज ऐकला मी. एकोणीस पक्षी लागले. शेवटचा मी वाचला, “कुठेऽऽयस.”

“लून,” ती म्हणाली. “दुसऱ्यानं ओ दिली का?”

“नाही. वाट बघितली मी.”

“मग एकच लिही. ऐकू आला तेवढाच लिहायचा.” मग म्हणाली, “छान केलंस रे तू. आईला गोळ्या द्यायच्यात, ठेवते.” हाकांचं मी तिला काही सांगितलं नाही. त्या यादीत नव्हत्या.

गावाच्या हॉलमध्ये सूप होतं, आणि पेस्टी नावाचा, करंजीच्या घाटाचा पण वीतभर मोठा पदार्थ. चाळीसएक माणसं होती. मी जाईन तिथे लोक बाजूला होऊन जागा देत होते आणि माझ्या ताटलीत आणखी वाढत होते. माझे एकोणीस पक्षी मार्गरेटनं वाचले तेव्हा टाळ्या झाल्या. सेक्शन सात शाबूत राहिला होता. मी मनातल्या मनात नोव्हायला निघालोही होतो.

तेवढ्यात मार्गरेट म्हणाली, “डेलच्या यंत्रानं सात वाजून बारा मिनिटांनी पश्चिमेकडून एक आवाज पकडलाय. कॉम्प्युटरला तो ओळखता येत नाही.” आणि तिनं तो भिंतीवरच्या दोन मोठ्या स्पीकरवर लावला.

पहिल्या अक्षरालाच मला कळलं. आवाज ओळखणं हा माझा धंदा आहे. पाण्यावरून येताना माझी हाक बरीच पातळ झाली होती, शब्द विरघळले होते, राहिला होता तो खालून वर जाणारा आणि शेवटी ताणलेला सूर. चाळीस अमेरिकन माणसं माना तिरप्या करून ऐकत होती. कुणी म्हणालं, बगळ्याच्या जातीचं काहीतरी. कुणी म्हणालं, एखाद्या फार्मवरून मोर सुटला असेल. एक बाई वहीत लिहीत म्हणाली, “शेवटचा सूर जोडीदार हरवल्याचा वाटतो.” मार्गरेटनं तिन्ही हाका पुन्हा लावल्या. तिसरीत घशाशी बारीक खडखड होती, स्क्रू ढिला झाल्यावर होते तशी. ती मी गाडीत ऐकली असती तर गाडी परत पाठवली असती.

गप्प बसता आलं असतं. पण सेक्शन सातच्या कागदावर “अनोळखी पक्षी, एक” असं चढलं असतं, आणि सुचित्रा ऐकू आला तेवढाच लिहिणारी बाई आहे. मी उभा राहिलो.

“तो मी आहे,” मी म्हटलं. “मी माझ्या बायकोला हाक मारत होतो.”

डेल पहिल्यांदाच बोलला. सत्तरीचा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. “काय म्हणून हाक मारता तुम्ही तिला?”

“अगं ए.”

“अगाये,” मार्गरेट हळूच म्हणाली. “किती सुंदर नाव.” आणि तिनं ते लिहून घेतलं. मग ती सगळ्यांकडे वळून म्हणाली की आपल्या सुचित्राला जाऊन काही महिनेच झालेत, आणि हयात जोडीदार म्हणून केदारनं तिचा सेक्शन सांभाळायचं ठरवलं.

हयात जोडीदार. चौकोन माझ्या डोळ्यांसमोर आला. ती जिवंत आहे म्हणावं तर माझी खूण खोटी, सेक्शन रांगेतल्या माणसाला. नाही म्हणावं तर मी स्वतःच्या तोंडानं बायकोला मारली. पाचेक सेकंद मी अडीच मैलांच्या पायवाटेचा विचार केला, याची मला आजही लाज वाटते.

“नाही, नाही,” मी म्हटलं. “ती गेलेली नाही. ती नागपूरला आहे.”

“अर्थातच आहे,” एक म्हातारी माझा दंड थोपटत म्हणाली. नागपूर म्हणजे आमच्या धर्मातली एखादी चांगली जागा असावी अशी तिची समजूत दिसली. उन्हाळ्यात तिथे गेलेल्या माणसानं हे ऐकायला हवं होतं.

“म्हणजे ती तिथे वाट बघतेय,” मी म्हटलं. त्यावर दोन बायकांनी रुमाल काढले. “ती खरंच जिवंत आहे. मी अर्ध्या तासापूर्वी तिच्याशी बोललो.”

डेल माझ्याजवळ आला. “मीपण बोलतो,” तो म्हणाला. “रोज सकाळी, कॉफी झाली की. चार वर्षं झाली. पण मोठ्यानं हाक मारायचं मला कधी सुचलं नाही.”

एवढं बोलून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. माझी बायको बोलायची ती खरी, फोनवर, आणि तिला आईला गोळ्या द्यायच्या होत्या, हे त्या माणसाला तोंडावर सांगायचं माझ्यानं झालं नाही. मी खाली बसलो. माझ्या ताटलीत तिसरी पेस्टी आली. त्यांनी तिथल्या तिथे हात वर करून ठरवलं की सेक्शन सात आता कुठल्याच रांगेत जाणार नाही, आणि पायवाटेच्या तोंडाशी लाकडी पाटी लागेल: सुचित्रा ‘अगाये’ पिंपळखरे यांच्या स्मरणार्थ.

रविवारी सकाळी नोव्हायला स्वयंपाकघरात बसून मी नागपूरला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. तिकडे संध्याकाळ होती. तिनं फोन जेवणाच्या टेबलावर डब्याला टेकवून ठेवला होता आणि कोथिंबीर निवडत होती. अगाये ऐकल्यावर तिनं कोथिंबीर खाली ठेवली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. मग ती म्हणाली, “मार्गरेटला मी आजच लिहिते. सेक्शन गेला तर जाऊ दे. मेल्यावर नावावर झालेलं मला नको.”

“लिहायला कशाला हवं? ऑगस्टनंतर जाऊ आपण दोघं. तू समोर उभी राहिलीस की झालं.”

तिनं पुन्हा कोथिंबीर घेतली. “ऑगस्ट नाही रे,” ती म्हणाली. “काल मेल आली. तू जंगलात होतास म्हणून नाही बोलले. फेब्रुवारी दिलाय आता.”

मी बोटं मोजायला लागलो आणि सोडून दिलं. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, आणि बघते म्हणून ती फोनसमोरून उठून आत गॅसकडे गेली. पडद्यावर नुसती तिच्या आईच्या घरची भिंत राहिली. मला त्या भिंतीकडे बघवेना. डेलनं सकाळीच मेल केली होती, तुम्हाला हे जवळ ठेवावंसं वाटेल म्हणून. काहीतरी करायचं म्हणून मी ती लॅपटॉपवर उघडली आणि फाइल लावली. आधी पाण्याचा आवाज, मग माझी पहिली हाक, “अगं एऽऽ.”

“आले रे, आले,” आतून सुचित्राचा आवाज आला.

पावलं वाजली. दुसरी हाक संपायच्या आत ती ओल्या हातांनी भराभर फोनसमोर आली आणि काय झालं म्हणून बघायला लागली. मग ती कशाला ओ देऊन आली ते तिच्या लक्षात आलं. मी फाइल बंद करायला हवी होती, पण तिसरी हाक अजून यायची होती, आणि ती आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकली.